दबा धरून बसणाऱ्याचा ऊब-संच : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर : हिशेब

लक्ष्य असं ठेवलंय : उणे १० अंश, वारा मंद, जमिनीवर किंवा खुर्चीवर सलग चार तास न हलता बसायचं. शिकारीचं सावज असो की कॅमेऱ्याचं, बसणाऱ्याच्या शरीराला फरक पडत नाही.

कात्री हातात घ्यायच्या आधी आकडे. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०५ वॅट उष्णता तयार करतो. सामान पाठीवर घेऊन बेताच्या चालीने निघालेला माणूस त्याच्या तिप्पट, चढावर त्याहूनही जास्त. कपड्यांची ऊब मोजायचं एकक 'क्लो'. ते १९४१ मध्ये ठरवलं गेलं, आणि १ क्लो म्हणजे साधारण एका सुटाची ऊब. त्वचा ३३ अंशांवर आणि बाहेर उणे १० धरून गणित केलं तर बसलेल्याला ६ क्लोच्या आसपास लागतात, चालणाऱ्याला जेमतेम २.

सगळा घोळ या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. जो पोशाख बसताना पुरतो तो चालताना घामाने भिजवतो, आणि भिजलेला पोशाख बसताना पुरत नाही. म्हणजे ६ पैकी ४ क्लो पाठीवरून न्यायचे आणि जागेवर पोचल्यावरच अंगावर चढवायचे. पुढचं सगळं काम या ४ क्लोंचं आहे.

जाडीत सांगायचं तर अडकलेल्या हवेचा १ सेंटिमीटर थर म्हणजे ढोबळमानाने १.६ क्लो. ६ क्लो म्हणजे चहूबाजूंनी पावणेचार सेंटिमीटर, आणि तेही न दबलेले. दुकानातल्या कपड्यावर 'एक्स्ट्रीम' लिहिलेलं असलं तरी आधी जाडी मोजावी.

८ ऑक्टोबर : चालायचे कपडे

यात शिवायचं काही नाही, फक्त ठरवायचं. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकर, त्यावर वारा अडवणारं एकेरी कापड, बस्स. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत उबदार वाटलं तर एक थर जास्त झालाय.

घामाचा हिशेब लोकांना पटत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. १०० मिली घाम कपड्यांतून वाळायला सुमारे ६७ वॅट-तास उष्णता खातो. तो बसल्यावर तासाभरात वाळला आणि ती उष्णता अंगातूनच गेली, तर बसलेल्या शरीराच्या कमाईतला दोन तृतीयांश वाटा एकट्या घामाने नेला. १०० मिली म्हणजे अर्धा कप. टोपी आणि जाड जाकीट घालून अर्धा तास चढलं की तेवढा घाम सहज येतो.

सुती बनियन आणि सुती मोजे बाद. सुताने पाणी धरलं की धाग्यांमधली हवा जाते आणि पाणी हवेच्या चोवीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही.

शेवटचे दोन-तीनशे मीटर मुद्दाम सावकाश चालायचे. आवाज कमी होतो हा वरचा फायदा.

१४ ऑक्टोबर : बैठक

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. बसल्यावर बुडाखालचा कपडा वजनाने चेपतो आणि तिथली ऊब जवळजवळ शून्यावर येते. तिथे न चेपणारंच काही हवं.

क्लोज्ड-सेल फोम घेतला, योगासनांच्या चटईसारखा पण टणक. टेकलेली जागा ०.१ चौरस मीटर आणि दोन बाजूंच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर १ सेंटिमीटर जाडीतून सुमारे १६ वॅट जातात, २ सेंटिमीटरमधून ८. जाडी ४ सेंटिमीटरवर नेली तर आणखी फक्त ४ वॅट वाचतात, आणि बैठक डगमगू लागते. म्हणून २ सेंटिमीटरवर थांबलो.

माप ४० × ३५ सेंटिमीटर. १ सेंटिमीटरचे दोन तुकडे, मध्ये गोंद नाही, फक्त कडेने धावदोरा. एकसंध जाड तुकडा थंडीत ताठ होतो आणि गुंडाळताना चिरतो. खोळ खडबडीत लोकरी कापडाची. उघडा फोम ओल्या पँटवर घासला की कुईकुई करतो आणि बर्फावरून घसरतो.

स्पंजसारखा मऊ फोम चालत नाही. तो चेपतो आणि पाणी पितो. हवा भरायची उशी हलकी असते, पण आतली हवा खेळती राहिली तर उष्णता वाहून नेते, आणि काटा लागला की उरलेले तीन तास ती नुसतीच पिशवी.

२१ ऑक्टोबर : पाय

तक्रार नेहमी इथूनच सुरू होते, पण कारण बऱ्याचदा बुटात नसतं. धड थंड पडू लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि आतलं तापमान जपतं. पाय गार पडले की आधी पोट, छाती, मान तपासायची. मांड्यांवर एक थर वाढवला तर बोटं उबदार होतात असं दिसतं, ते याचमुळे.

बाकीची कारणं बुटातच आहेत.

पहिलं, बूट घट्ट. नेहमीच्या बुटात मोज्यांचा दुसरा जाड जोड कोंबला की लोकर चेपते आणि रक्तही अडतं. दोन्हीकडून तोटा. जाड मोजे घालून संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना माप घ्यायचं आणि बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. बसल्यावर नाड्या सैल करायच्या, उठायच्या आधी पुन्हा आवळायच्या.

दुसरं, तळवा. बुटाच्या वरच्या भागाला अस्तर असतं, पण तळवा अंगाच्या वजनाने चेपलेला असतो आणि खाली गोठलेली जमीन. आत ६ मिलिमीटरचा फेल्टचा सोल घातला. तो घातल्यावर बूट घट्ट होत असेल तर सोल काढायचा नाही, बूट बदलायचा.

तिसरं, पायाचा घाम. तो बुटाच्या अस्तरात साठतो आणि दिवसागणिक ऊब कमी होत जाते. उपाय दोन. पहिला सोपा : जागेवर पोचताच, पाय अजून गरम असतानाच, बैठकीच्या फोमवर उभं राहून मोजे बदलायचे. कोरडा जोड चालताना पोटाशी, शर्टाच्या आत ठेवायचा, पाठपिशवीत नाही. पिशवीतला मोजा उणे १० अंशांचाच असतो.

दुसरा उपाय काटेकोर : पातळ मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. घाम पातळ मोज्यातच राहतो, लोकर कोरडी राहते. पाय ओलसर लागतो, पण गार पडत नाही. मात्र ही युक्ती दिवसापुरती. रात्री पाय पुसून कोरडे करून मोकळे ठेवायचेच. सतत ओल्या पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मग बरं व्हायला आठवडे जातात.

२९ ऑक्टोबर : झूल, कापणी

संचातला मुख्य नग. काखेपर्यंत येणारी, पाय आत घेणारी पिशवी, खांद्यावर दोन पट्टे. आम्ही तिला झूल म्हणतो.

मापं : पुढचा आणि मागचा पन्ना प्रत्येकी ८५ × १७० सेंटिमीटर. तळाशी ४५ × ३५ सेंटिमीटरचा पेटीसारखा भाग, त्यात २ सेंटिमीटर फोम. लांबी जास्त वाटते, पण बसल्यावर गुडघ्याशी आणि कमरेशी कापड वळतं. कमी कापलं तर गुडघ्यांवर ताणलं जाऊन नेमकं तिथेच भरण चेपतं.

थर बाहेरून आत : फ्लीस, घट्ट विणीचं पातळ नायलॉन, पॉलिएस्टर वॅडिंग (भरणाचा फुगीर थर) चौरस मीटरला १५० ग्रॅमचं, तसंच दुसरं वॅडिंग, आणि आत पातळ नायलॉनचं अस्तर. नायलॉन बाहेर ठेवलं तर थंडीत कडक होऊन प्रत्येक हालचालीला खसखसतं, आणि हरणासारख्या जनावराला तेवढं पुरतं. फ्लीसखाली तो आवाज दबतो आणि वाराही अडतो.

पिसांचं भरण का नाही? वजनाला ऊब पिसांचीच जास्त. पण पिसं ओली झाली की फुगारा जातो, आणि इथे आत बर्फाळ बूट जाणार आहेत.

वजन सगळं मिळून पावणेदोन किलोच्या घरात.

२ नोव्हेंबर : झूल, शिवण आणि उसवण

पहिल्या तुकड्यावर पाचही थर एकत्र धरून गोधडीसारखे आरपार टाके घातले. दिसायला सुरेख, कामाला वाईट. जिथे टाका तिथे भरण शून्य जाडीचं, म्हणजे दर १५ सेंटिमीटरला एक गार रेघ. तुकडा खिडकीच्या गार काचेवर धरून आतून तळहात फिरवला की रेघा मोजता येतात.

उसवलं. आता पहिलं वॅडिंग फक्त बाहेरच्या कापडाला टाचलंय, दुसरं फक्त अस्तराला, आणि दोन्हीकडच्या ओळी विटांच्या सांध्यांसारख्या एकमेकींना चुकवलेल्या. बाहेरच्या ओळीसमोर आत पूर्ण फुगलेलं भरण येतं. दोन पाकिटं फक्त कडांना जोडली. मशीनवर टाका मोठा ठेवायचा, ४ मिलिमीटर. बारीक टाके भरणाला जास्त आवळतात.

पुढची उघडझाप हा दुसरा घोळ. चेन लावली होती. तिचे तीन दोष : थंडीत सरकताना आवाज, दातांमधून वारा, आणि हातमोज्यात न सापडणारी पकड. वेल्क्रोचा तर विचारही नको. टिचबटणंही शांततेत टिचतात. शेवटी पुढचा पदर २० सेंटिमीटर एकावर एक चढवला आणि कापडी फासे व लाकडी गुंड्या लावल्या, चार. छातीपाशी फक्त एक. ती अंगठ्याने ढकलली की पदर आपोआप खाली पडतो आणि दोन्ही हात मोकळे. चढवलेल्या पदराची उघडी कड वाऱ्याच्या उलट बाजूला यावी म्हणून डावा-उजवा कोणताही पदर वर घेता येईल असे फासे दोन्हीकडे ठेवलेत.

सुरक्षेची एक गोष्ट : ही झूल जमिनीवर बसायची आहे, उंच मचाणावर वापरायची नाही. पाय पिशवीत असताना तोल सावरता येत नाही, आणि पडून सुरक्षा-पट्ट्याला लटकलं तर पाय मोकळे असणं जिवाचं असतं. मचाणासाठी कडेने पूर्ण उघडणारी भरणाची पँट आणि बुटांवरून चढवायचे खोळबूट असा वेगळा संच. तिथे प्रत्येक जाड थर चढवला की पट्टा पुन्हा बेताने आवळायचा, कारण जाकिटाची जाडी पट्ट्याचं माप बदलते.

९ नोव्हेंबर : हात

जाड हातमोजे घालून चाप ओढणं धोक्याचं आहे. जाड बोट चापाच्या कड्यात शिरताना चापाला नकळत दाब बसतो. म्हणून हातांची ऊब हातमोज्यात ठेवायची नाही, हातमोज्यांबाहेर ठेवायची : हातात पातळ लोकरी मोजे आणि दोन्ही हात एका नळीसारख्या मफमध्ये.

मफ : लांबी ३२ सेंटिमीटर, घेर ५५, भरण झुलीचंच दोन थर, आत फ्लीस, कमरेला पट्टा. दोन्ही तोंडांना इलॅस्टिक सैल. घट्ट केलं तर हात काढताना मफ सोबत येतो.

बोटांची त्वचा १५ अंशांच्या खाली गेली की बारीक कामं बिघडू लागतात, आणि ८ अंशांच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. चाप स्पर्शावर चालतो, तेव्हा हा आकडा आरामाचा नाही, सुरक्षेचा आहे. बंदूक मांडीवर, सेफ्टी लावलेली, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला, आणि हात मफमध्ये. बोट कड्यात फक्त नेम धरल्यावर.

मनगट विसरलं जातं. बाही आणि हातमोजा यांच्यामधल्या बोटभर फटीतून रक्तवाहिन्या अगदी वरवरून जातात. जुन्या लोकरी मोज्याचा घोट्यावरचा १५ सेंटिमीटरचा भाग कापून अंगठ्यासाठी भोक पाडलं की मनगटपट्टी तयार.

धनुर्धाऱ्यांसाठी : फुगीर बाहीला प्रत्यंचा घासते. डाव्या हाताने धनुष्य धरणाऱ्याने डावी बाही चामडी पट्ट्याने दाबून घ्यावी आणि सगळे थर चढवून घरीच ओढून पाहावं.

१५ नोव्हेंबर : पहिली पूर्ण बैठक, उणे ७

चढवण्याचा क्रम ठरला. पोचल्यावर पाच मिनिटं उभं राहून घाम जाऊ द्यायचा, पण थंडी वाजेपर्यंत नाही. आतला शर्ट ओला असेल तर तिथेच बदलायचा. मग मोजे. मग भरणाचं जाकीट *सगळ्यावरून*, वारा अडवणाऱ्या थराच्याही वरून. आत घातलं तर वरचं कापड ते चेपतं. मग टोपी, मग झूल.

दोष :

तळाच्या पेटीत पाणी. बुटांवरचा बर्फ आत वितळला. बूट आधी झाडून घ्यायचे हे तर झालंच, शिवाय पेटीत रबरी लेपाच्या कापडाचा सुटा ट्रे घातला. काढून झटकता येतो.

दीड तासाने पाठ गार. झाडाच्या बुंध्याला टेकल्यावर पाठीमागचं भरण चेपलं. बैठकीच्याच फोमचा ३० × ४५ चा तुकडा आता पाठपिशवीच्या मागच्या कप्प्यात असतो. बसल्यावर तो पाठीमागे जातो.

मान. कॉलर आणि टोपी यांच्यामध्ये फट. गळ्याभोवती लोकरी नळी. 'निम्मी उष्णता डोक्यातून जाते' हे खरं नाही. डोकं अंगाच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. पण डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या थंडीत हातापायांसारख्या आवळत नाहीत, त्यामुळे तिथली गळती चालूच राहते. टोपी हवीच. फक्त चमत्काराची अपेक्षा नको.

नळी नाकावर घेतली तर वाफ वर जाऊन चष्मा आणि दुर्बिणीची काच धुरकटते. नाकाखालीच ठेवायची.

झुलीचा रंग मातकट आहे. जिथे शिकाऱ्याने नारिंगी घालायचा नियम आहे तिथे झूल आतलं नारिंगी जाकीट झाकते. पट्ट्यांना बांधायचं नारिंगी कापड वेगळं कापलं.

२३ नोव्हेंबर : बाहेरून ऊब

गरम पाण्याची बाटली सगळ्यांत उत्तम. १ लिटर पाणी ८० अंशांवरून ४० पर्यंत उतरताना ४६ वॅट-तास देतं. तीन तासांत पसरलं तर सरासरी १५ वॅट, म्हणजे बसलेल्या शरीराच्या कमाईत सातवा हिस्सा भर. रुंद तोंडाची जाड प्लॅस्टिकची बाटली, उकळतं पाणी चालणारी. मोज्यात घालायची आणि झुलीत मांड्यांमध्ये ठेवायची. आधी उलटी करून दहा मिनिटं ठेवून झाकण तपासायचं. झुलीत लिटरभर पाणी सांडलं तर त्या दिवसाचं काम संपलं.

लोखंडी भुकटीच्या पुड्या : आत लोखंड, मीठ, पाणी, कोळसा. हवेतला प्राणवायू लागला की लोखंड गंजतं आणि गरम होतं. म्हणून घट्ट बुटात त्या विझल्यासारख्या होतात. दोष पुडीचा नाही, हवा मिळत नाही. बुटासाठी पायाच्याच वेगळ्या पुड्या घ्याव्यात. कधीही नागड्या कातडीवर नको. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. अर्धवट वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत घातली की थांबते, दुसऱ्या दिवशी उरलेली चालते.

बॅटरीचं जाकीट : ७.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३७ वॅट-तास. १० वॅटवर कागदावर पावणेचार तास, थंडीत त्याहून कमी. बॅटरी आतल्या खिशात. बाटलीहून कमी ऊर्जा आणि जास्त वायरी, हे आमचं मत.

गॅसची शेगडी कापडी लपणात : बाद. पहिलं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो आणि गुंगी येते ती थकव्यासारखीच वाटते. दुसरं, १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं, ते छतावर गोठतं आणि मग मानेवर ठिबकतं. तिसरं, नुसत्या ब्युटेनचा डबा शून्याच्या खाली पेटतच नाही, कारण तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो. वासाचं तर सांगायलाच नको.

१ डिसेंबर : वारा

उणे १० आणि ताशी २० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या गालाला उणे १८ इतकं जाणवतं (२००१ पासून वापरात असलेलं सूत्र). हा आकडा उघड्या त्वचेचा आहे. वाऱ्याने बुटाचा तळवा उणे १० च्या खाली जात नाही. तो फक्त लवकर तिथे पोचतो. त्यामुळे वारा वाढला की भरण वाढवण्याआधी आडोसा शोधायचा. पाठपिशवी वाऱ्याच्या बाजूला उभी करणं हाही आडोसाच. आणि दरीच्या तळाशी बसायचं नाही. रात्रीची गार, जड हवा तिथेच साचलेली असते. उतारावर थोडं वर सरकलं तरी फरक कळतो.

६ डिसेंबर : पोट आणि लघवी

थर्मासमध्ये गोड गरम पेय, खिशात न गोठणारा खाऊ. दारू नाही; ती कातडीच्या रक्तवाहिन्या उघडते, ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. थंडीत लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी प्यायचं हा चुकीचा उपाय. झुलीच्या खालच्या दोन गुंड्या त्यासाठीच आहेत.

न हलता ऊब : मांड्या आणि नितंब दहा सेकंद आवळून सोडायचे, वीस वेळा. बुटात बोटं सतत. बाहेरून काही दिसत नाही.

१३ डिसेंबर : बंदूक

उबदार खोलीत आणली की गार धातूवर दव धरतं आणि आतपर्यंत गंजतं. रिकामी करून, खोळीत बंद करून आणायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच खोळ उघडायची. तेल थंडीत घट्ट होतं आणि घोड्याचा ठोका मंद पडतो. जुनं तेल पुसून ग्रॅफाइट.

२० डिसेंबर : झुलीच्या आतली पट्टी

छातीच्या आत हाताएवढी पांढरी कापडी पट्टी शिवली. त्यावर न पुसणाऱ्या शाईत चार ओळी : *थरथर मुद्दाम थांबवता येत नाही – ऊठ. अंगठा करंगळीला टेकत नाही – ऊठ. जीभ अडखळते – ऊठ, सोबत्याला सांग. सोबत्याची थरथर थांबली आणि तो गप्प झाला – मदत बोलाव.* शेवटची ओळ सर्वात महत्त्वाची. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की थरथर सुरू असते. ती अंग गरम न होताच बंद पडणं म्हणजे शरीराने हात टेकले. अशा माणसाला चालवायचं नाही, चोळायचं नाही. आडवं करून झुलीत घालायचं, खाली दोन्ही फोम.

पांढरं पडलेलं बोट चोळायचं नाही. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर वितळवायचंही नाही. पक्क्या निवाऱ्यात ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात.

उरलेली कामं : छातीची गुंडी हातमोज्यात निसटते, मोठी लावायची. ट्रेची एक शिवण गळते, लेप पुन्हा. बैठकीनंतर झूल उलटी करून टांगायची, सपाट घडी करून कपाटात नको. घडीवर वॅडिंग बसतं आणि पुढच्या वेळी पावणेचार सेंटिमीटरचे तीन भरतात.